दक्षिणेच्या गॅलरीतला हिवाळा

आमच्या कोथरूडच्या घराला एकच गॅलरी आहे आणि ती दक्षिणेला आहे. बावीस वर्षांपूर्वी हे घर घेतले तेव्हा 'दक्षिणेची गॅलरी कशाला घेता' असे विचारणारे नातलग कमी नव्हते, आणि बहुधा त्यांच्यासारखाच विचार करणारी गिऱ्हाइके जास्त असल्यामुळे घर आम्हाला थोड्या कमी दरात मिळाले. पुढची सात-आठ वर्षे मी चारचौघांचे पाहून दर जूनमध्ये, पहिला पाऊस पडला की, मोठ्या हौसेने रोपे लावत असे आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत ती लांबोडकी, फिकट आणि मान टाकलेली झालेली पाहत असे. मातीला नावे ठेवून झाली, रोपवाटिकेला नावे ठेवून झाली, आपल्या हातालाच गुण नाही असेही म्हणून झाले. जूनमध्ये सूर्य आमच्या गॅलरीत जवळजवळ येतच नाही, ही साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला इतकी वर्षे लागली.

पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या १३ तारखेच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते, आणि त्या शून्य सावलीच्या दिवसाची छायाचित्रे हल्ली सगळे एकमेकांना पाठवतात. त्यानंतर काय होते, याचा मात्र कोणी फारसा विचार करत नाही. त्या दिवसापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य पुण्याच्या उत्तरेला असतो, म्हणजे आमच्या बाबतीत तो इमारतीच्या पाठीमागे जातो, आणि जे काही उरते त्यावर पावसाळी ढग असतात. उलट २१-२२ डिसेंबरला तो दक्षिणेला इतका कललेला असतो की साडेबाराच्या सुमारास, दिवसातल्या सर्वांत उंच जागी पोहोचूनही, क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर राहतो. वरच्या मजल्याच्या स्लॅबखालून हे तिरपे ऊन थेट आत शिरते. आमची गॅलरी पाच फूट रुंद आणि नऊ फूट उंच आहे. सप्टेंबरअखेरीस दुपारचे ऊन त्यातले साडेतीनच फूट आत येते. डिसेंबरात तेच ऊन गॅलरी ओलांडून दिवाणखान्यात आणखी तीन फूट, सासूबाईंच्या खुर्चीच्या पायांपर्यंत पोहोचते.

तेव्हापासून माझ्या बागेचे वर्ष दसऱ्याला सुरू होते आणि होळीला संपते. हिवाळी बाग म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे आधी थंडी येते, पण पुण्याची थंडी झाडांना सुखवण्यापुरतीच असते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान साधारणपणे १० ते १२ अंशांच्या घरात, एखाद्या आठवड्यात आठपर्यंत, आणि दुपारी पुन्हा २९-३०. जानेवारी १९३५ मध्ये इथे पारा १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे, पण तसे काही पाहण्याचा योग आमच्या कुंड्यांना आलेला नाही. इथे झाडाला अडते ते उजेडावाचून, आणि उजेडाच्या बाबतीत दक्षिणेच्या गॅलरीला हिवाळ्यात तोड नाही.

हे कळल्यावरही पहिल्या हिवाळ्यात मी एक चूक केली, आणि ती पुष्कळ घरांत होते असे माझे निरीक्षण आहे. आमच्या जुन्या सोसायटीचा कठडा विटांचा, तीन फूट उंचीचा आणि भरीव आहे. ऊन बाहेरून येते म्हणून मी सगळ्या कुंड्या कठड्याला लागून, आतल्या बाजूने, शिस्तीत मांडल्या. मेथी उगवली खरी, पण तिचे देठ पांढुरके निघाले आणि सगळी रोपे वरच्या उजेडाकडे माना ताणून उभी राहिली. शेवटी एका रविवारी मी मुलाच्या जुन्या दप्तरातला खडू घेऊन दर तासाला फरशीवर कठड्याच्या सावलीची कड आखली. सकाळी नऊला सावली चार फुटांपर्यंत होती. दुपारी साडेबाराला ती मागे सरून पावणेतीन फुटांवर आली आणि पुन्हा वाढू लागली. म्हणजे सूर्याच्या सर्वांत जवळची, कठड्याच्या पायथ्याची जी जागा मी कुंड्यांना दिली होती, तिथे दिवसभरात ऊन येतच नव्हते, आणि खोलीच्या भिंतीलगतचा सव्वादोन फुटांचा पट्टा, जिथे मी झाडू आणि रिकामे डबे ठेवले होते, तो उन्हात न्हाऊन निघत होता.

तेव्हापासून थंडी सुरू झाली की कुंड्या उचलून मागच्या भिंतीशी जातात, आणि पालेभाजीचे उथळ ट्रे दोन फूट उंचीच्या लोखंडी घोडीवर चढतात, कारण जमीन सोडून जितके वर जावे तितके सकाळचे ऊन लवकर मिळते. भिंतीला पांढरा रंग आहे, त्यामुळे उलटून येणारा उजेड झाडाच्या पाठीलाही मिळतो. या मांडणीचा दुसरा फायदा मला आमच्या इमारतीची दुरुस्ती चालू असताना एका अभियंत्याने सांगितला. बाहेर काढलेल्या सज्जाच्या टोकाशी जितका भार, तितका सज्जाच्या मुळाशी ताण जास्त. तोच भार भिंतीजवळ ठेवला तर ताण कमी. भिजलेली माती लिटरला दीड किलोच्या पुढे भरते, तेव्हा बारा इंची कुंडी सहज वीस किलोंची होते, आणि अशा दहा-बारा कुंड्या कठड्याला खेटून ठेवणे म्हणजे तीन-चार धडधाकट पाहुण्यांना वर्षभर गॅलरीच्या कडेवर उभे करण्यासारखे आहे. शक्य तिथे मी मातीत एक तृतीयांश कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा हलका भुसा, घालते ते याचसाठी. बाकी एक भाग लाल माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि कुंडीला मूठभर निंबोळी पेंड, यापलीकडे मिश्रणाचे मी फार लाड करत नाही. रानातली काळी माती आणण्याचा मोह मात्र टाळावा. शेतात ती सोने असली तरी कुंडीत ती पाणी धरून बसते आणि सुकली की कडेने सुटून तिला भेगा पडतात.

पेरणीला घाई नको. दसऱ्याच्या सुमारास पुण्यात 'ऑक्टोबर हीट' चालू असते आणि त्या उन्हात मेथी, मुळा, लाल माठ तग धरतात, पण कोथिंबीर, पालक आणि मटार रुसतात. म्हणून मी मेथी दसऱ्याला आणि कोथिंबीर दिवाळीनंतर, पहाटे पंखा बंद करावासा वाटू लागला की, टाकते. पंख्याची ही खूण मला कोणत्याही पंचांगापेक्षा खात्रीची वाटते.

मेथी हे नवशिक्याचे पीक आहे. स्वयंपाकघरातल्या डब्यातली मेथी रात्रभर भिजवून चार इंच खोलीच्या ट्रेमध्ये दाट पसरायची, वर बोटाच्या पेराएवढा मातीचा थर. तीन-चार दिवसांत अंकुर माती उचलून वर येतात आणि २५ ते ३० दिवसांत भाजी होते. मुंबईकडे समुद्रकाठच्या रेताड वाफ्यांत दाट पेरून अगदी कोवळेपणी मुळांसकट उपटलेली समुद्रमेथी चिमुकल्या जुड्यांनी विकतात. तशी दहा-बारा दिवसांची मेथी ट्रेमधून कात्रीने कापून थालीपिठात किंवा वरणात घातली तर तिला कडवटपणा असा नसतोच. हल्ली हिलाच 'मायक्रोग्रीन्स' म्हणून काचेच्या डबीत घालून पाचपट भावाने विकतात, तो भाग वेगळा. आणि हिशेब प्रामाणिकपणे सांगायचा तर दोन फूट बाय एक फुटाच्या ट्रेमधून पूर्ण वाढलेल्या मेथीची जेमतेम एक जुडी निघते, जी मंडईत वीस रुपयांना मिळते. पैसे वाचवण्यासाठी कोणी गॅलरीत मेथी लावू नये.

कोथिंबिरीबद्दल लोक तक्रार करतात की ती उगवत नाही. बहुतेक वेळा कारण एवढेच असते की धणा म्हणजे एक बी नसून दोन बियांचे जोडफळ असते, आणि त्याचे टणक कवच फोडल्याशिवाय पाणी आत पोहोचायला वेळ लागतो. धणे पोळपाटावर पसरून लाटणे हलकेच फिरवायचे, त्यांच्या दोन-दोन डाळी झाल्या की पुरे, भुगा नको. मग रात्रभर पाण्यात ठेवून पेरायचे आणि दहा दिवस धीर धरायचा. याच दहा दिवसांत अर्धे लोक कंटाळून त्याच कुंडीत दुसरे काहीतरी लावतात. पालकाची बाहेरची पाने काढत गेले तर एकाच पेरणीतून तीन-चार तोडे मिळतात, आणि टोपलीत मोड आलेल्या लसणाच्या पाकळ्या खोचल्या तर तीन आठवड्यांत पात मिळते. या दोन्हींत सांगण्यासारखी अडचण काही नाही.

माझ्या गॅलरीतले सर्वांत लाडके पीक मात्र हरभरा आहे, आणि तो लावायला लावले ते सासूबाईंनी. त्यांचे माहेर बार्शीकडचे, रब्बीच्या मुलखातले. एका नोव्हेंबरात मी रोपवाटिकेतून आणलेल्या फुलकोबीच्या रोपांशी झटत असताना त्या म्हणाल्या, "अगं, ते गड्डे मंडईत मिळतात. हरभरा टाक. त्याचे शेंडे मंडईत मिळतील, पण आंब नाही मिळणार." बारा इंची कुंडीत भिजवलेले आठ-दहा गावरान हरभरे दोन इंच खोल टोचले. आठवड्यात वर आले आणि महिन्याभरात वीतभर वाढले, तेव्हा त्यांनी स्वतः बसून प्रत्येकाचा शेंडा दोन बोटांच्या नखांत धरून खुडून दाखवला. शेंडा खुडला की खालून फांद्या फुटतात, झाड पसरट होते, आणि खुडलेल्या शेंड्यांची भाजी होते. एका कामात दोन्ही गोष्टी.

त्या दिवशी खुडून झाल्यावर त्यांनी मला बोट चाटायला सांगितले. चिंचेहून पातळ, लिंबाहून खारट असा तो आंबटपणा होता. भिंग घेऊन पाहिले तर हरभऱ्याच्या पानांवर, देठांवर, अगदी कोवळ्या घाट्यांवरही, म्हणजे दाण्यांच्या शेंगांवरही, बारीक लव दिसते आणि प्रत्येक केसाच्या टोकाला टाचणीच्या डोक्याहून लहान असा चकचकीत थेंब असतो. झाड स्वतःच स्रवते ते हे आम्ल, मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक. शेतात पहाटे दव पडले की ते दवात विरघळते, आणि सासूबाईंच्या लहानपणी घरातल्या बायका सूर्य उगवायच्या आत हरभऱ्यावरून स्वच्छ फडके फिरवून, ते पिळून ही आंब बाटलीत भरून ठेवत आणि पोट दुखले की देत. मीही हौसेने पहाटे साडेपाचला मलमलचा तुकडा घेऊन गॅलरीत गेले. फडके कोरडेच राहिले. दव पडायला पानाला उघडे आकाश लागते. रात्री पान आपली ऊब आकाशाकडे टाकून निवते आणि त्यावर हवेतली वाफ जमते. आमच्या कुंडीवर वरच्या मजल्याचा स्लॅब आहे. त्यामुळे गॅलरीतल्या हरभऱ्याला दव मिळत नाही आणि त्याची आंब पानावरच चिकट होऊन बसते. ती पोटदुखीसाठी बाटलीत भरता येत नसली, तरी भाजी न धुता केली तर कढईत पूर्ण उतरते. रस्त्यावरची धूळ नसलेल्या घरच्या कुंडीतली भाजी असल्यामुळे न धुण्याचे धाडस करता येते, एवढाच गॅलरीचा फायदा.

काय लावू नये हेही सांगायला हवे. फुलकोबीने एक कुंडी तीन महिने अडवून मला एक गड्डा दिला, तो साधारण लिंबाएवढा होता. गाजरे बोटाएवढी आणि तीही दुपायी निघाली, कारण मुळाला खोल, भुसभुशीत माती लागते आणि मी कुंडीच्या तळाशी खापरांचा जाड थर घातला होता. टोमॅटोला सहा तास ऊन लागते, ते आमच्याकडे नोव्हेंबर ते जानेवारीपर्यंत पुरते. मात्र गेल्या दोन वर्षांत आग्नेयेच्या बाजूला एका बंगल्याच्या जागी सात मजली इमारत उभी राहिल्याने सकाळचा तास-दीड तास गेला आहे, आणि त्याबद्दल मी मनातल्या मनात रोज कुरकुर करते. स्ट्रॉबेरीचा मोहही एकदा झाला. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते का मिळाले, हे माझ्या पाच रोपांनी मोसमभरात दिलेल्या अकरा फळांची चव घेऊन मला पुरेसे समजले. त्यातलीही चार बुलबुलाने खाल्ली.

आता शेवंती. देवासाठी रोज चार फुले घरची असावीत ही सासूबाईंची इच्छा, आणि थंडीत गॅलरीत शेवंतीसारखे दुसरे फूल नाही: एकदा फुलले की महिना-महिना टिकते. पाचेक वर्षांपूर्वी मी एकाच मातृझाडापासून काढलेल्या दोन काश्या, म्हणजे शेवंतीच्या मुळाशी फुटणारे धुमारे, दोन कुंड्यांत लावल्या. माती तीच, खत तेच, पाणी एकाच झारीतले. एक कुंडी दाराजवळच्या घोडीवर होती आणि दुसरी पलीकडच्या टोकाला, धुलाई यंत्राच्या आड. दिवाळीनंतर धुलाई यंत्राआडच्या कुंडीवर हिरव्या मोत्यांसारख्या कळ्या धरल्या आणि नोव्हेंबरच्या अखेरीस ती पिवळ्या फुलांनी भरून गेली. दाराजवळची, जिला ऊन तिच्याहून जास्त मिळत होते, ती डिसेंबर लागला तरी नुसती पाने काढत होती. गडद, तुकतुकीत, निरोगी पाने. मी तिला बोनमील, म्हणजे हाडांच्या चुऱ्याचे खत, दिले, पाण्याचा ताण दिला, राखही घातली. कशाचाही उपयोग झाला नाही.

कारण तिच्या डोक्यावर तीन फुटांवर होते. सासूबाईंना रात्री उठावे लागते आणि अंधाराचे त्यांना भय वाटते, म्हणून दारावरचा नऊ वॅटचा एलईडी दिवा गॅलरीत रात्रभर चालू असे. शेवंती ही लहान दिवसाची वनस्पती आहे. दिवस आखूड होऊन रात्र पुरेशी लांब झाली की तिला कळ्या धरण्याचा इशारा मिळतो. झाडे दिवसाची लांबी ओळखतात हे गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून मांडले, आणि पुढे असे लक्षात आले की झाड खरे तर सलग अंधार मोजते. मध्यरात्री थोडा वेळ जरी उजेड पडला तरी शेवंतीच्या लेखी ती एक लांब रात्र राहत नाही, दोन आखूड रात्री होतात. फुलांचे व्यापारी उत्पादक याच गोष्टीचा उपयोग करून घेतात: फूल लांबवायचे असेल तर रात्री दिवे लावतात, आणि लवकर हवे असेल तर संध्याकाळीच काळे कापड पांघरतात. पुण्यात डिसेंबरची रात्र तेरा तासांची असते. माझ्या शेवंतीने त्यातला एकही तास पाहिलेला नव्हता.

हे मी सासूबाईंना सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की बँकेतली नोकरी सुटल्यापासून सूनबाईंचे काहीतरी बिघडले आहे. "दिव्याने कधी फूल अडलंय का गं?" असे म्हणून त्या देवापुढचे निरांजन लावायला गेल्या. पुढच्या वर्षी तडजोड झाली. ऑगस्टच्या मध्यापासून गॅलरीतला दिवा बंद राहील आणि त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, खोलीच्या आत, जमिनीलगत एक लहान दिवा लागेल, ज्याचा उजेड बाहेर जाणार नाही. त्या वर्षी दिवाळीनंतर दोन्ही कुंड्यांवर एकाच आठवड्यात कळ्या आल्या. सासूबाईंनी पहिले फूल देवाला वाहिले आणि दिव्याविषयी चकार शब्द काढला नाही. आता मात्र जिन्यातला दिवा कोणी चालू ठेवला तर सर्वांत आधी त्याच हाका मारतात.

ज्यांच्या गॅलरीसमोर रस्त्याचा दिवा आहे आणि शेवंती फुलत नाही, त्यांनी खत बदलण्याआधी रात्री अकराला गॅलरीत जाऊन कुंडीची सावली भिंतीवर पडते का ते पाहावे. पडत असेल तर कुंडीची जागा बदलावी. याशिवाय शेवंतीला करायचे एवढेच, की जुलै-ऑगस्टमध्ये दोन-तीनदा शेंडे खुडायचे आणि शेवटची खुडणी ऑगस्टअखेर थांबवायची. जानेवारीच्या शेवटी, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास, एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते, तिथे एकेका कुंडीवर घुमटासारखी फुललेली शेवंती पाहून घरी आले की माझी शेवंती दोन दिवस मला पोरकी वाटते.

इतर फुलांमध्ये पिटुनिया आणि डायंथस तयार रोपे आणून लावलेली बरी. सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या वाटेला रोपवाटिकांची रांगच आहे, तिथे नोव्हेंबरात ती रास मांडून ठेवलेली असतात. गुलाबाची छाटणी मी ऑक्टोबरच्या मध्यावर करते, कारण छाटणीपासून साधारण ४५ ते ५० दिवसांनी फूल येते आणि ते मार्गशीर्षातल्या गुरुवारी, जेव्हा बाजारात फुलांचे भाव डोळे पांढरे करतात, तेव्हा घरात हवे असते. नॅस्टर्शियम लावावे असे मी सर्वांना आग्रहाने सांगते. त्याची कमळाच्या पानासारखी गोल पाने आणि केशरी फुले दोन्ही खाता येतात, आणि चव अळिवाच्या कोवळ्या पाल्यासारखी तिखट असते. दही घालून केलेल्या काकडीच्या कोशिंबिरीत दोन पाने चिरून घातली तर पाहुणे हमखास विचारतात. त्याला खत घालू नये. माती जोरकस झाली की पाने वाढतात आणि फुले रुसतात. नागअळी मात्र त्याच्या पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा ओढतेच, तेवढी पाने काढून टाकायची.

मोगऱ्याचे उलटे आहे. थंडीत तो झोपतो, पाने पिवळी पडतात, आणि घाबरून लोक त्याला पाणी आणि खत घालतात. त्याला निजू द्यावे. जानेवारीच्या अखेरीस छाटून, पाणी तोडून ठेवला तर मार्चपासून तो स्वतःच उठतो. तुळसही तुळशीच्या लग्नानंतर ओकीबोकी होते. मंजिऱ्या खुडून, भिंतीच्या उबेला ठेवून मी तिला फेब्रुवारीपर्यंत कशीबशी नेते, आणि दर वर्षी निदान एक तरी तुळस जातेच.

हिवाळ्यात झाडे मरतात ती बहुतेक वेळा पाण्याने. शेतकरी वाफसा म्हणतात ती अवस्था कुंडीतही ओळखता आली पाहिजे: माती मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टोचला तर सहज फुटतो, हाताला चिखल लागत नाही. अशी माती असेल तर झारी उचलू नये. एप्रिलमध्ये रोज लागणारे पाणी डिसेंबरात आमच्याकडे तीन दिवसांनी लागते, आणि तेही सकाळी, कारण संध्याकाळी भिजलेली पाने रात्रभर ओली राहतात. जानेवारीत एक-दोन दिवस ढगाळ गेले की मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, येतो. शेवंतीच्या कळ्यांवर आणि वालाच्या शेंड्यांवर तो एका रात्रीत काळा थर धरतो. साबणाच्या पातळ पाण्याचा जोरदार फवारा दोनदा मारला की उतरतो. मटारावर आणि गुलाबावर पिठासारखी भुरी येते, त्यावर एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी आठवड्याला एकदा फवारून मी समाधान मानते. पारव्यांवर मात्र औषध नाही. त्यांना पेरलेली कुंडी म्हणजे अंथरलेली गादी वाटते. मी रोपे हातभर होईपर्यंत कुंडीत बांबूच्या काड्या उभ्या टोचून ठेवते, त्यामुळे त्यांना बसता येत नाही. तरीही एका वर्षी एका जोडप्याने काड्यांच्या मधोमध, माझ्याच काड्या आधाराला घेऊन, घरटे केले आणि पालकाच्या कुंडीत दोन अंडी घातली. त्या वर्षी पालक झाला नाही.

भोगीच्या दिवशी या सगळ्याचा हिशेब लागतो. मिसळीच्या भाजीत त्या दिवशी गॅलरीतले काय काय घालता येते, हे पाहणे हा आमच्या घरातला जानेवारीतला खेळ आहे. गेल्या भोगीला कोवळे घाटे मूठभर, वालाच्या शेंगा सात, मटाराच्या शेंगा बारा, लसणाची पात आणि वरून कोथिंबीर एवढे घरचे होते. गाजर, वांगी, बोरे आणि पावटा मंडईतून आले. सासूबाईंनी सोललेले घाटे वाटीत मोजून घातले, आणि बाजरीच्या भाकरीवर तीळ थापता थापता, भाजीत कोणता दाणा घरचा हे ओळखू येते असे ठामपणे सांगितले.

जानेवारीपासून ऊन रोज थोडेथोडे माघारी जाऊ लागते. आधी खुर्चीचे पाय सुटतात, मग उंबरठा, मग मागच्या भिंतीचा खालचा भाग. दुपार तापू लागली की कोथिंबीर एकदम उंच होते, तिची पाने बडीशेपेसारखी बारीक होतात आणि तिला पांढरे तुरे येतात. मी ती उपटत नाही. तुऱ्यांवर मधमाश्या येतात, आणि हिरवे धणे ठेचून चटणीत घालायला मिळतात. उरलेले वाळले की पुढच्या दिवाळीच्या पेरणीसाठी डबीत जातात. शेवंतीची फुले सरल्यावर तिला जमिनीपासून वीतभर ठेवून छाटते आणि मुळाशी निघालेल्या काश्या नव्या कुंड्यांत लावते. मार्चपासून तिला फुलायचे नसते, नुसते वाढायचे असते, आणि त्यासाठी रात्रीचा उजेड चालतो. होळी झाली की सासूबाई स्वतः खटका दाबतात आणि गॅलरीतला दिवा पुन्हा रात्रभर जळू लागतो, ऑगस्टच्या मध्यापर्यंत.